खुर्ची, शिफ्ट आणि तिसऱ्या रांगेतलं व्हायोलिन

आयटीवाल्यांच्या लंच टेबलावर एक वाद कधीच संपत नाही. परमनंट बरं की कॉन्ट्रॅक्ट? कॉन्ट्रॅक्टवाला महिन्याला जास्त कमावतो, परमनंटवाला रात्री शांत झोपतो, आणि दोघंही एकमेकांवर जळतात. आमच्या मालाडच्या ऑफिसात हा वाद आठवड्यातून एकदा तरी रंगतो. मला मात्र याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या धंद्याबाहेर सापडलं. युरोपातल्या सिंफनी ऑर्केस्ट्रांत. आणि तिथून गाडी थेट आपल्या वेस्टर्न लाइनवर आली.

तर मंडळी, आजचा शनिवार व्हायोलिनवाल्यांचा.

युरोपात कुठल्या देशातल्या वादकाला किती पगार, असा प्रश्न पडला की आपण आधी अंदाज बांधतो की श्रीमंत देशात जास्त, गरीब देशात कमी. ढोबळमानाने ते खरंही आहे. स्वित्झर्लंड वर, पूर्व युरोप खाली. पण जर्मनी आणि ब्रिटन शेजारी ठेवून पाहिले की कळतं, खरा फरक आकड्यात नाहीच. पैसे कशाचे मिळतात, यात आहे.

जर्मनीत बहुतेक ऑर्केस्ट्रा शहराचा किंवा राज्याचा असतो. म्हणजे आपल्याकडे महापालिकेचं हॉस्पिटल असतं तसा महापालिकेचा ऑर्केस्ट्रा. यांच्यासाठी देशभर एकच सामुदायिक वेतन करार आहे. त्यात ऑर्केस्ट्रांच्या ए, बी, सी, डी अशा श्रेण्या आहेत, आणि श्रेणी ठरते ती प्रामुख्याने ऑर्केस्ट्रात मंजूर खुर्च्या किती यावर. खुर्च्या जास्त, श्रेणी वरची, पगार वरचा. (बर्लिन फिलहार्मोनिकसारखे मोठे लोक या कराराच्या वर, स्वतःच्या वेगळ्या करारावर.) तालीम असो वा कार्यक्रम, त्याला एक 'ड्यूटी' म्हणून मोजतात आणि ड्यूट्या किती यालाही मर्यादा आहे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तारांचा भत्ता! व्हायोलिनच्या तारा तुटतात, ओबोची पात खराब होते, त्याचे वेगळे पैसे. कपड्यांचेही. नवीन माणूस साधारण वर्षभर प्रोबेशनवर असतो आणि त्याला कायम करायचं की नाही यावर ऑर्केस्ट्रातले बाकीचे वादक मतदान करतात. (अप्रेझलची ही पद्धत आपल्याकडे आली तर काय होईल, याचा विचार न केलेला बरा.)

मुख्य मुद्दा असा की खुर्ची ही माणसाहून वेगळी वस्तू आहे. तिसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला निवृत्त झाला तरी खुर्ची बजेटात राहते. ती रद्द करायची तर कुणाला तरी सभागृहात उभं राहून तसं सांगावं लागतं, पेपरात बोंब होते. अशा बोंबा झाल्याही. १९९२ साली जर्मनीत असे सरकारी पैशावरचे १६८ ऑर्केस्ट्रा होते, नंतर विलीनीकरण आणि बंद पडणं होत होत ते १३०च्या आसपास आले. कात्री बरीचशी पूर्व जर्मनीवर चालली. पण चालली ती सगळ्यांदेखत.

आता लंडन. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा हे नाव तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर 'स्टार वॉर्स'चं संगीत नक्की ऐकलं असेल. ते त्यांनीच वाजवलंय. या ऑर्केस्ट्राचा जन्मच भांडणातून झाला. हेन्री वुड नावाच्या कंडक्टरच्या ऑर्केस्ट्रात वादकांची एक सोयीची रीत होती. दुसरीकडे जास्त पैशाचं काम मिळालं की आपल्या जागी बदली माणूस पाठवायचा. तालमीला एक, कार्यक्रमाला दुसराच. वुडसाहेब वैतागले आणि बदली माणूस बंद म्हणाले. त्यावर चाळीसेक वादकांनी नोकरीवर लाथ मारली आणि १९०४ साली स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला. मालक वादकच. पण मालक झाले तरी महिन्याचा पगार नाही! जेवढं वाजवाल तेवढे पैसे. लंडनच्या इतर मोठ्या स्वायत्त ऑर्केस्ट्रांतही हीच तऱ्हा. तिकडे बीबीसीचे ऑर्केस्ट्रा किंवा मँचेस्टरचा हॅले, त्यांना पगार आहे. म्हणजे एकाच देशात दोन पद्धती, आणि नाव जास्त मोठं त्यांना पगार नाही.

व्हिएन्नाची गंमत आणखी वेगळी. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक मुळात नोकरी करतात ती तिथल्या सरकारी ऑपेरात. फिलहार्मोनिक ही त्यांची स्वतःची संस्था. एक जानेवारीला जगभर टीव्हीवर दिसणारा तो कार्यक्रम म्हणजे त्यांचा साइड प्रोजेक्ट आहे :-)

आणि फ्रान्स. तिथे खुर्चीवाले आहेतच, पण बिनखुर्चीवाल्यांसाठीही योजना आहे. हंगामी कलाकाराने १२ महिन्यांत ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांत त्याला बेकारी भत्ता मिळतो. एक कार्यक्रम १२ तासांचा धरतात, म्हणजे वर्षाला ४३ कार्यक्रम. २००३ साली सरकारने हे नियम कडक करायला घेतले तर कलाकारांनी असा संप केला की आव्हिन्योंचा अख्खा नाट्यमहोत्सव रद्द झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंचवर असतानाही पैसे, फक्त ते कंपनी देत नाही, देश देतो.

असो. आता मुंबई.

मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा ऑर्केस्ट्रा नव्हता असं नाही. मेहली मेहतांनी (झुबिन मेहतांचे वडील) १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. हौस होती, श्रोते होते, वादक होते. गोव्याचे ख्रिस्ती, पारशी, काही युरोपियन. नव्हती ती खुर्ची. सिंफनी वाजवून घर चालवता येईल अशी एकही जागा या शहरात नव्हती. मेहली मेहता १९५०च्या दशकात मँचेस्टरला गेले आणि त्याच हॅले ऑर्केस्ट्रात, पगारी खुर्चीवर बसले. तिथून पुढे अमेरिका.

पण याच काळात मुंबईत शेकडो व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले चांगले कमावत होते. युरोपातल्या ऑर्केस्ट्रासारखीच वाद्यं, तसेच स्टाफ नोटेशनचे कागद समोर, तशाच रांगा. फक्त सिंफनीच्या जागी हिंदी सिनेमाचं गाणं. गेल्या शतकात भारतात ऑर्केस्ट्रा-वादक म्हणून पोट भरण्याची सगळ्यात मोठी जागा ही होती. पोलीस बँड, नौदलाचा बँड आणि आकाशवाणी सोडली तर दुसरी जवळपास नाहीच. (आकाशवाणीचे ए, बी-हाय, बी वगैरे दर्जे आणि स्टाफ आर्टिस्ट ही आपल्याकडची त्यातल्या त्यात जर्मन पद्धत. आणि मुंबई पोलिसांचा बँड यूट्यूबवर हिट झाला तेव्हा किती जणांच्या लक्षात आलं की हे पगार आणि पेन्शन असलेले वादक आहेत?)

या फिल्मी ऑर्केस्ट्राची सुरुवात मात्र पगारानेच झाली. मालाडला एस. व्ही. रोडलगत बॉम्बे टॉकीज कंपाउंड आहे. आता तिथे छोटे कारखाने आणि गाळे. १९३४ साली हिमांशू रायनी तिथे स्टुडिओ काढला. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग हे चक्क जर्मन. संगीत सरस्वतीदेवींचं. स्टुडिओ म्हणजे कारखाना होता. नट, सुतार, लाइटवाले, वादक, सगळे पगारावर. कोल्हापूर-पुण्याचं प्रभातही तसंच. ऑर्केस्ट्रा लहान असायचा, पण महिन्याच्या महिन्याला पैसे हातात पडायचे.

मग दुसरं महायुद्ध आलं, युद्धातला काळा पैसा सिनेमात आला, स्वतंत्र निर्माते आले. एका सिनेमासाठी नट भाड्याने घ्यायचा, तसा वादकही गाण्यापुरता बोलवायचा. पार्श्वगायनामुळे गाणं शूटिंगपासून सुटलं होतं, त्यामुळे रेकॉर्डिंग हा वेगळाच व्यवहार झाला. चाळिशीच्या अखेरीस पगारी ताफे मोडीत निघाले. बॉम्बे टॉकीज बुडताना कामगारांनी सहकारी संस्था करून १९५४ साली 'बादबान' काढला. तो शेवटचा.

आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. पगार गेला म्हणून वादक रडत बसले नव्हते. शिफ्टमागे पैसे हा त्यांना चांगला सौदा वाटला, आणि चांगल्या वादकासाठी तो होताही! एका स्टुडिओच्या पगारात अडकण्यापेक्षा आज ताडदेवचं फेमस, उद्या फिल्म सेंटर, परवा वांद्र्याचं मेहबूब. तोवर ऑर्केस्ट्रा फुगत चालले होते. नौशादनी 'आन'साठी (१९५२) शंभर वादक बसवल्याचं सांगतात, शंकर-जयकिशनकडेही व्हायोलिनांच्या रांगाच रांगा. सगळे एकत्र, एका दमात वाजवायचे. मल्टिट्रॅक नव्हतं. कुणा एकाचं बोट घसरलं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून नोटेशन पाहताक्षणी वाजवणारा माणूस सोन्याच्या भावाचा.

अशी माणसं होती गोव्यात. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातले कितीतरी मुंबईत धोबी तलावच्या गोयंकार क्लबांत उतरले, हॉटेलांत जाझ वाजवू लागले. १९४९ला मुंबईत दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांची रया गेली आणि सिनेमाची शिफ्ट जास्तच गोड वाटू लागली. चिक चॉकलेटचा बँड तुम्ही पडद्यावरच पाहिलाय, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१). सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हे अरेंजर. संगीतकाराने चाल गुणगुणली की वाद्यमेळाचे कागद लिहायचे यांनी. पडद्यावर नाव आलंच तर 'सहाय्यक' म्हणून.

१९५०च्या दशकात वादकांनी सिने म्युझिशियन्स असोसिएशन काढली. वादकांचे दर्जे ठरले, दर्जाप्रमाणे शिफ्टचे दर ठरले, बुडव्या निर्मात्याकडून पैसे काढायचे तर मागे संघटना आली. आता हे जर्मनीच्या श्रेण्यांशेजारी ठेवून बघा. तिथे श्रेणी ऑर्केस्ट्राला, इथे माणसाला. हा फरक छोटा दिसतो, पण त्यातच सगळं आलं. खुर्चीची श्रेणी माणूस म्हातारा झाला तरी राहते. माणसाची श्रेणी त्याच्या बोटांबरोबर संपते. तारा स्वतःच्या, वाद्य स्वतःचं, आजारपण स्वतःचं, आणि गर्दीच्या वेळी चेलो घेऊन चर्चगेट लोकलमध्ये चढायचं कसबही स्वतःचंच!

अँथनी गोन्साल्विसना हे पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी १९५८ साली याच फिल्मी वादकांमधून शंभरावर लोकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, राग आणि सिंफनी एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात वाजवल्या, लताबाई आणि मन्ना डे गायला. मुंबईत मुंबईचाच सिंफनी ऑर्केस्ट्रा! पण शंभर माणसांना दर महिन्याला पोसणार कोण? हा प्रश्न मेहली मेहतांच्या वेळी होता तसाच होता. १९६५ला अँथनी अमेरिकेत सिरॅक्यूजला गेले. पुढे परतले ते गोव्यात माजोर्ड्याला. २०१२ साली वारले.

आता १९७७. हे वर्ष मला फार गमतीचं वाटतं. त्या वर्षी लंडन सिंफनीने डेनमच्या स्टुडिओत 'स्टार वॉर्स' वाजवलं. त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' आला आणि प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरुजींचं नाव अमिताभच्या तोंडी घातलं. देशभर पोरं ते नाव ओरडत फिरली, ते खरोखरच्या माणसाचं आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने आयपीआरएसच्या खटल्यात निकाल दिला. निर्मात्याने मोबदला देऊन सिनेमासाठी संगीत करून घेतलं, आणि वेगळा करार नसला, तर हक्क निर्मात्याचा. म्हणजे संगीतकार आणि गीतकारच बाहेर. वाजवणाऱ्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण आपल्या कॉपीराइट कायद्यात तेव्हा 'परफॉर्मर' हा प्राणीच नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांना ते खटकलं. गाण्याचा आत्मा गाणारा असतो आणि कायद्यात त्याला जागा नाही, यावर त्यांनी निकालाला वेगळी पुरवणी जोडली.

युरोपात तेव्हा काय होतं? जर्मनीत १९५९पासून परफॉर्मरांसाठी पैसे गोळा करणारी संस्था होती. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड रेडिओवर वाजली की वादकांच्या वाट्याला काही येण्याची पद्धत होती, १९९६पासून तर तो कायद्याने हक्क झाला, शिफ्टपुरत्या आलेल्या वादकाचासुद्धा. १९६१च्या रोम करारात हे हक्क आंतरराष्ट्रीय झाले. भारताने त्यावर सही केली, पण तो कधीच मंजूर केला नाही. म्हणजे लंडनच्या वादकाला पगार नव्हता, पण शेपूट होतं. गाणं वाजत राहिलं तर थोडं थोडं येत राहणार. जर्मनाला खुर्ची होती. फ्रेंचाला भत्ता होता. मुंबईच्या वादकाला शिफ्ट होती. 'रूप तेरा मस्ताना'तला (१९६९) केरसी लॉर्ड यांचा अॅकॉर्डियन पन्नास वर्षं लग्नाच्या वरातींपासून रिअॅलिटी शोपर्यंत वाजतोय. त्याचा हिशेब त्या दिवशीच मिटला.

शिफ्टचा सौदा चालू होता तोवर हे कुणाला टोचलं नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, मग सॅम्पलर, मग कॉम्प्युटर. नव्वदीच्या मध्यापर्यंत स्ट्रिंग्जच्या चार रांगांचं काम एक कीबोर्डवाला करू लागला. मोठे रेकॉर्डिंग हॉल ओस पडत गेले, आणि अंधेरी पश्चिमेच्या गल्लीबोळांत, वन बीएचकेमध्ये स्टुडिओ निघाले. यात कुणाला काढून टाकलं नाही. काढणार कुणाला? नोकरी नव्हतीच. फक्त फोन यायचा बंद झाला. जर्मनीत खुर्ची गेली की आकडा निघतो, १६८वरून १३०. मुंबईत किती गेले याला आकडाच नाही, कारण मोजायला खुर्च्याच नव्हत्या.

आणि पुढचा अंक तर आणखी मजेदार. खऱ्या व्हायोलिनांची चव परत लोकांना हवीशी झाली, तेव्हा आपले सिनेमावाले विमानात बसले! इळैयाराजांनी 'हे राम'चं (२०००) संगीत बुडापेस्टला रेकॉर्ड केलं. अजय-अतुलनी 'सैराट'साठी (२०१६) थेट लॉस एंजेलिसचा सोनीचा स्कोअरिंग स्टेज गाठला. मराठी सिनेमासाठी! अभिमान मलाही वाटला, खोटं कशाला बोला. पण आज जगभरचे निर्माते बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये असं फिरतात ते मुख्यतः दरासाठी. तासाचे पैसे एकदाच द्यायचे, मागाहून काही देणं नाही. हा तासाचा दर त्यांना परवडतो कसा? जीवनमान स्वस्त हे एक कारण. पण दुसरं कारण लक्षात घ्या. त्यातल्या बऱ्याच वादकांची मूळ नोकरी तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये, ऑपेरात, रेडिओत असते. खुर्चीचे पैसे देश देतो, म्हणून तास स्वस्त विकता येतो. मुंबईत खुर्चीचा खर्च कोण उचलायचं? वादकाच्या घरचे. बायकोची नोकरी, लग्नातला बँड, संध्याकाळच्या शिकवण्या.

एनसीपीएने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, मरात बिसेंगालिएव्ह या कझाक व्हायोलिनवादकाला सोबत घेऊन. तो चांगला वाजवतो, जरूर ऐका. पण हंगाम आला की खुर्च्या भरायला बरेच वादक कझाकस्तानातून आणि इकडून तिकडून येतात. साठ सालच्या मुंबईत याच रांगा मुंबईकरांनी भरल्या असत्या. मधली पिढी तयारच झाली नाही. जे वाजवून पोट भरत नाही ते बाप मुलाला शिकवत नाही.

कायद्याचं एक राहिलं. १९९४ साली 'परफॉर्मर' आपल्या कायद्यात आला, पण सिनेमात वाजवायला एकदा होकार दिला की हक्क संपला, असं कलमही सोबत आलं. २०१२च्या दुरुस्तीने ते बदललं. आता परफॉर्मन्सचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी मिळायला हवी. गायकांनी त्यासाठी २०१३ साली संस्था काढली, ती पैसे वसूल करू लागली, पुढे तिच्या नावात वादकही आले. छान. पण त्याच दुरुस्तीत व्याख्येखाली एक ओळ आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत वगैरे कुठेच येत नाही, त्याला रॉयल्टीपुरतं परफॉर्मर मानायचं नाही. ही ओळ गर्दीच्या सीनमधल्या एक्स्ट्रांसाठी असावी असं माझं मत. पण ती तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याला समोर ठेवून परत वाचा. त्याचं नाव पडद्यावर येत नव्हतं, रेकॉर्डच्या वेष्टनावर येत नव्हतं. रिवाजच तसा होता. आता 'माझं काम किरकोळ नव्हतं' हे सिद्ध करायचं त्यानेच.

आणि आपल्या भाषेत बोलायचं तर हा शेवटी डेटाचा प्रॉब्लेम आहे. पैसे वाटायचे तर आधी टेबल पाहिजे. गाणं, तारीख, वादक, वाद्य. गाणं आणि साल सगळीकडे आहे. पुढचे दोन कॉलम बहुतेक गाण्यांसाठी रिकामे आहेत. जे काही भरलंय ते आठवणींतून. प्रभाकर जोगांसारख्या एखाद्याने 'स्वर आले जुळुनी' लिहून ठेवलं म्हणून. किंवा ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ नावाचे प्राध्यापक मुंबईत येऊन म्हाताऱ्या वादकांच्या घरी बसले, कोणी कुठे काय वाजवलं ते एकेकाला विचारत राहिले आणि २००८ साली त्याचं पुस्तक केलं म्हणून. मनोहारी सिंग २०१०ला गेले, केरसी लॉर्ड २०१६ला, जोग २०२१ला. विचारायला आता फार घरं उरलेली नाहीत.